डावा खिसा

कोपरचा पूल चढता चढता आबांनी हीटर चालू केला.

एप्रिल महिना, सकाळचे साडेसात. गाडीत एकदम भट्टीसारखी हवा सुटली. मागे बसलेल्या समृद्धीने गार पाण्याची बाटली कपाळाला लावली.

"आबा, हे काय? मला मळमळतंय."

"काच खाली घे बाळा. इंजिन तापलंय. त्याची थोडी गरमी आपण वाटून घ्यायची, म्हणजे पूल उतरेपर्यंत ते दम धरतं."

शेजारच्या सीटवरून त्यांच्या सुनेने, मेघनाने, काट्याकडे पाहिलं. काटा लाल रेघेला टेकला होता. त्याच्याखाली किटलीचं चित्र असलेला दिवा मिचमिचत होता, आणि बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येत होती. गाडी चौदा वर्षांची. लहानसहान कुरबुरी तिला नव्या नव्हत्या, पण असा आवाज मेघनाने कधी ऐकला नव्हता. तिला तो घराच्या वळणावरच ऐकू आला होता. आबांना तो पुलावर येईपर्यंत कळला नाही, याचं तिला आवाजापेक्षा जास्त भय वाटलं. एके काळी शेजारच्या इमारतीतली गाडी सुरू झाली तरी हा माणूस घरात बसून तिचं दुखणं सांगायचा.

पूल उतरल्याबरोबर आबांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"रिक्षा बघ आणि पोरीला शाळेत सोडून ये. मी आहे इथं."

रिक्षात बसल्यावर समृद्धीने दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, उद्यापण तू येणारेस?"

"का गं?"

"तू असलीस की आबा बरोबर जातात."

मेघनाने तिची वेणी उगाचच नीट केली. आज ती आली होती ती बाईंना भेटायचंय असं सांगून. खरं कारण मागच्या मंगळवारचं होतं. त्या दिवशी समृद्धी चाळीस मिनिटं उशिरा पोचली म्हणून शाळेतून फोन आला. आबा म्हणाले, ट्रॅफिक होतं. रात्री जेवताना समृद्धीने सहज सांगितलं की आबांनी तिला आधी त्यांच्या कंपनीच्या गेटवर नेलं, तिथल्या वॉचमनने कोण पाहिजे विचारलं, आबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले आणि मग गाडी वळवून शाळेत आले. कंपनीतून निवृत्त होऊन आबांना बारा वर्षं झाली होती.

हे मेघनाने महेंद्रला, आपल्या नवऱ्याला, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती, आणि तेही चारचौघांत, आवाज चढवून. चौतीस वर्षं आबांनी मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीची बस चालवली, कुणाला ओरखडा न काढता. अजूनही कोपरच्या बाजारात लोक त्यांना भिवा ड्रायव्हर म्हणूनच हाक मारत. सासूबाई गेल्यानंतर त्यांना दिवसाला एकच काम उरलं होतं, नातीला शाळेत पोचवायचं. ते काम काढून घेतलं तर हा माणूस सकाळी कशासाठी उठेल, हे मेघनाला कळत नव्हतं. आणि नाही काढून घेतलं तर समृद्धी रोज त्यांच्या मागच्या सीटवर बसणार होती.

ती परत आली तेव्हा आबा बॉनेट उघडून घड्याळाकडे बघत उभे होते. वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी फडक्याने रेडिएटरचं झाकण धरलं, हलकेच फिरवून वाफ जाऊ दिली, झाकण काढलं आणि सवयीने शर्टाच्या डाव्या खिशात टाकलं.

ही सवय घरात सगळ्यांना पाठ होती. उघडलेलं झाकण कधी गाडीवर ठेवायचं नाही, जमिनीवर तर नाहीच. डाव्या खिशात टाकायचं. जोवर खिसा जड, तोवर गाडी उघडी. कंपनीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला आबांनी हे शिकवलं होतं. त्यांचे शर्ट मात्र त्यापायी वाया जात. ड्रायव्हरकी सुटली तरी पांढरा शर्ट सुटला नव्हता, आणि प्रत्येक शर्टाच्या डाव्या खिशावर झाकणाएवढं तांबूस कडं उमटलेलं असे. ते धुतल्यावर जायचं. कालच्या शर्टावर मात्र चांगलं मोठं काळं कडं होतं. दोनदा साबण घासूनही ते हललं नव्हतं, तेव्हा मेघनाने चरफडत तो शर्ट पुन्हा भिजत घातला होता.

आबा रेडिएटरमध्ये वाकून बघत होते.

"कोरडा आहे गं."

"सकाळी पाणी नव्हतं घातलं?"

"आज सकाळी नाही घातलं. काल सकाळीच घातलेलं की लिटरभर. रविवार, म्हणून निवांत घातलं, मग गाडी काढलीच नाही." त्यांनी गुडघे धरून खाली वाकून रस्ता पाहिला. गाडीखाली एक थेंब नव्हता. "पाणी असं हवेत जात नाही मेघना. कुठंतरी जातंच."

त्यांनी मानपाड्याच्या धनेशला फोन लावला. धनेश आबांच्याच हाताखाली कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेला. आता स्वतःचं गॅरेज होतं. त्याने गाडी अजिबात चालू करू नका म्हणून सांगितलं आणि अर्ध्या तासात जीप आणि दोर घेऊन स्वतः आला.

"काका, टोचन लावतो. तुम्ही जीपमध्ये बसा, गाडीत मी माझा माणूस बसवतो."

"टोचन लावलेल्या गाडीचं स्टेअरिंग तुझ्या माणसाला द्यायचं? ठोकेल तुझ्याच जीपला."

धनेश हसला आणि मुकाट्याने जीपमध्ये जाऊन बसला. लॅबमध्ये उशीर होईल असा निरोप देऊन मेघना आबांच्या शेजारी बसली. मानपाड्यापर्यंत तीन सिग्नल, दोन खड्ड्यांचे पट्टे आणि मध्ये घुसणाऱ्या रिक्षा. पण आबांनी दोर एकदाही सैल पडू दिला नाही की झटका बसू दिला नाही. त्यांचे हात चाकावर अगदी निश्चिंत होते. ते बघून मेघनाला वाटलं की आपण उगाच घाबरतोय. मंगळवारी काय, माणूस विचारात असतो, चुकतो एखादं वळण. तिला मनापासून हायसं वाटलं, आणि ते गॅरेजमध्ये पोचेपर्यंत टिकलं.

धनेशने ऑइलची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि आबांपुढे धरली. पट्टीवर काळं ऑइल नव्हतं. दूध घातलेल्या कॉफीसारखा फेसाळ रंग होता, आणि तो खुणेच्या कितीतरी वर गेला होता.

"ऑइलचा पार चहा झालाय, काका."

"हेड गॅस्केट गेलं," आबा म्हणाले. "रेडिएटरचं पाणी आतून ऑइलमध्ये उतरतंय. सांगितलं ना मी, पाणी कुठंतरी जातंच."

"तसंच दिसतंय. हेड उतरवावं लागेल. चार दिवस तरी जातील."

"जाऊ देत. काम नीट कर." दुखणं सापडल्यामुळे आबांच्या आवाजात जोर आला होता. जुन्या गाडीला हे व्हायचंच, असं काहीतरी ते मेघनाला समजावत राहिले. मग धनेश नको नको म्हणत असताना कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा आणायला स्वतःच गेले.

धनेश गाडीखाली शिरला. त्याने खाली एक घमेलं सरकवलं आणि ऑइलच्या चेंबरचा नट सैल केला. मेघना स्टुलावर बसून बघत होती. नट निघाला आणि घमेल्यात पाणी पडलं. स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. ते बराच वेळ पडत राहिलं आणि त्यामागून तो कॉफीच्या रंगाचा लगदा आला.

धनेश बाहेर आला. त्याने कोरड्या रेडिएटरच्या तोंडात बोट फिरवलं, बोटावर बोट चोळून पाहिलं, मग वर इंजिनावरचं काळं, तळहाताएवढं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली.

"वहिनी, गॅस्केट शाबूत आहे."

"मग?"

"गॅस्केट गेलं असतं तर रेडिएटरला आतून तेलाचा थर लागला असता. इथं काहीच नाही. आणि असं स्वच्छ पाणी खाली बसलेलं नसतं मिळालं." त्याने टपरीच्या दिशेने बघितलं आणि आवाज उतरवला. "हे पाणी वरून गेलंय. ऑइल घालायचं झाकण उघडून कोणीतरी त्यात ओतलंय. लिटरभर तरी."

मेघना त्याच्या हातातल्या काळ्या झाकणाकडे बघत राहिली. झाकणाच्या कडेला तेलाचं चकचकीत वर्तुळ होतं. केवढं होतं, हे तिला मोजायची गरज नव्हती. कालपासून शर्टावरचं तेच कडं ती घासत होती.

मंगळवारचं ते गेट एखादी चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण ज्याने पोराटोरांना झाकणं ओळखायला शिकवलं, त्याने रविवारच्या निवांत सकाळी भलतंच झाकण काढलं, खिशात टाकलं, लिटरभर पाणी ओतलं, झाकण लावलं आणि वर येऊन पोहे खाल्ले. हातांनी सगळं नेहमीसारखं केलं होतं. फक्त जागा चुकली होती.

"घरात कोणी हात लावतं का गाडीला?" धनेशने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिने उत्तर द्यायच्या आत आबा चहाचे ग्लास धरून आले. घमेल्यापाशी येऊन थांबले. पाणी तळाला जाऊन कडेला साचलं होतं, वर लगदा तरंगत होता. त्यांनी ग्लास खाली ठेवले, वाकून बघितलं, बोट बुडवून वास घेतला.

"आधी पाणी आलं का रे?"

"हो काका."

"किती?"

"असेल लिटरभर."

"मग गॅस्केट नाही हे." आबा सावकाश सरळ झाले. "हे वरून गेलंय. कुणीतरी ओतलंय."

धनेश हात पुसायला लागला. पुसलेले हात त्याने पुन्हा पुसले.

"कुणी ओतलं असेल?" आबांचा चेहरा लाल झाला होता. "तो गाड्या धुणारा वॉचमन. दुसरं कोण? परवाच त्याला म्हटलं होतं, बॉनेटला हात लावू नकोस. शहाणपणा करायला गेला असणार. आज त्याची सोसायटीतून हकालपट्टी करतो की नाही बघ. अरे, गाडीत लहान पोर बसतं माझं! पुलावर इंजिन जाम झालं असतं, मागून ट्रक आला असता तर?"

"काका, तो बिचारा..."

"बिचारा कसला? ज्याला पाणी आणि ऑइल कळत नाही, त्याने गाडीच्या जवळ फिरकायचंच नाही!"

ते वाक्य गॅरेजच्या पत्र्यावर आपटून मेघनाच्या अंगावर आलं. आबा खिशातून फोन काढत होते, सोसायटीच्या सेक्रेटरीला लावायला. वॉचमन दोन मुलांना घेऊन जिन्याखालच्या खोलीत राहत होता.

"मी ओतलं, आबा," मेघना म्हणाली.

आबांचा अंगठा फोनवर थांबला.

"काल सकाळी. तुम्ही आंघोळीला गेलेलात तेव्हा. म्हटलं, तुमचं काम हलकं करावं."

"तू?"

"मला वाटलं, तेच पाण्याचं झाकण."

तिला वाटलं होतं, खोटं बोलताना जीभ अडखळेल. अडखळली नाही. आबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. एवढी शिकलेली बाई, दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, आणि झाकणावरचं चित्र दिसलं नाही? विचारायला तोंड नव्हतं? पोटच्या पोरीचा तरी विचार करायचा होता. ते बोलत होते आणि मेघना मान खाली घालून ऐकत होती. प्रत्येक शब्द खरा होता; फक्त पत्ता चुकलेला होता. धनेश गाडीच्या पलीकडे जाऊन काहीतरी शोधत राहिला.

"चूक झाली, आबा."

"चूक नाही, बेफिकिरी आहे ही." आबांना धाप लागली होती. मग त्यांनी एकाएकी विचारलं, "झाकण कुठं ठेवलं होतंस? ओतताना?"

"खाली. जमिनीवर."

चहाचा ग्लास उचलून आबांनी तिच्या हातात दिला.

धनेशने दुपारभर इंजिन साध्या ऑइलने दोनदा धुऊन काढलं, फिल्टर बदलला, आणि संध्याकाळी गाडी घेऊन घरी आला. नशीब म्हणायचं, म्हणाला. आणखी दोन किलोमीटर चालवली असती तर इंजिनच बसलं असतं. किल्ली त्याने मेघनाच्या हातात दिली, आणि तिने ती दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, नेहमीच्या जागी.

महेंद्र ठाण्यातल्या वर्तकनगरचं ऑफिस करून आठला आला. त्याला हकिगत कळली तेव्हा तो पोट धरून हसला.

"इंजिनात पाणी? मेघना, अगं, तुळशीलाही घातलंस ना ऑइल?"

"पुरे," आबा म्हणाले. "हसण्यासारखं काही नाही त्यात."

त्यांनी भाकरी अर्धी ठेवली होती. महेंद्र चपापला आणि खाली बघून जेवायला लागला. मेघना वाढत राहिली. आपण काय करून बसलो, हे तिला आत्ता कुठे नीट दिसत होतं. आबांची अब्रू वाचवताना तिने स्वतःचंच तोंड बांधून घेतलं होतं. आता कुठल्या तोंडाने म्हणणार, आबांना गाडी देऊ नका? इंजिनात पाणी घालणारी तर ती होती. आणि उद्या सकाळी साडेसातला समृद्धी मागच्या सीटवर बसणार होती.

झोपताना तिने ठरवलं, सकाळी महेंद्रला सगळं सांगायचं. आबा दुखावतील. दुखावले तर दुखावले.

सकाळी पावणेसातला महेंद्र बुटांच्या नाड्या बांधत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऐक ना. आबांचं जरा..."

"मेघना!" खालून हाक आली. "खाली ये. लवकर."

महेंद्रने वर पाहिलं. "काय आबांचं?"

"येते," ती म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.

आबा पार्किंगमध्ये गाडीपाशी उभे होते. एका हातात पाण्याची बाटली. अंगात पांढरा शर्ट. तो शर्ट तिने रात्री वाळत घालताना मुद्दाम मागच्या दोरीवर, चादरीआड घातला होता. डाव्या खिशावरचं काळं कडं फिकट झालं होतं, पण गेलं नव्हतं.

"परवा तू चुकलीस, तर आज शिकायचं," आबा म्हणाले. आवाजात कालचा राग नव्हता. "चल. बॉनेट उघड."

मेघना पुढे गेली. तिने बॉनेटच्या कडेखाली बोटं घातली. बॉनेट हललं नाही. तिने दुसऱ्या बाजूने घातली. मग तिला अंधुक आठवलं की आतून काहीतरी ओढायचं असतं. तिने दार उघडून स्टेअरिंगखाली हात फिरवला. तिथं एक दांडी होती, ती ओढल्यावर मागे पेट्रोलचं झाकण टकन उघडलं.

आबा बघत होते. घाई करत नव्हते, सांगत नव्हते, नुसते उभे होते. शेवटी ते वाकले, तिच्या हातापलीकडची खटकी त्यांनी ओढली आणि पुढे जाऊन बॉनेट वर उचललं.

"रविवारी उघडंच असेल बॉनेट," ते म्हणाले.

"हो," मेघना म्हणाली. "उघडंच होतं."

"हां."

त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवून काढलं. हात आपोआप डाव्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी मान खाली करून खिशाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. अंगठ्याने त्या काळ्या कड्यावरून एकदा चोळलं आणि अंगठा नाकाशी नेला.

चौतीस वर्षं त्यांनी वासावरून ऑइल ओळखलं होतं. मेघनाला तिथून पळून जावंसं वाटलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसू नयेत म्हणून तिने खाली पडलेलं फडकं उचलायचं निमित्त केलं.

ती उभी राहिली तेव्हा आबांनी हात पुढे केला होता. तळहातावर झाकण होतं.

"धर. तुझ्याकडे असू दे. पाणी मी घालतो, तू बघ कुठं घालतोय ते."

तिने झाकण मुठीत घेतलं. ते गार होतं. आबांनी बाटली तिरकी केली, पण ओतायच्या आधी थांबले.

"इथंच ना?"

"हो आबा. इथंच."

पाणी घालून झाल्यावर त्यांनी झाकण तिच्याकडून मागून घेतलं नाही. तिलाच लावायला सांगितलं. बॉनेट पाडलं. मग खिशातून किल्ली काढली आणि ती जुन्या कापडाने उगाचच पुसली.

"तुझं लायसन आहे ना?"

"आहे. पण लग्नाआधीचं. कपाटात पडलंय."

"घेऊन ये. ज्याच्या हातून इंजिनात पाणी गेलं, त्याला मोकळं सोडून चालत नाही. आजपासून तू चालव. मी डाव्या बाजूला बसतो. माझी नजर राहील तुझ्यावर."

"आबा, पुलावर मला..."

"पूल काय, मी शिकवतो. अर्धा तास आधी निघू. कुणाला घाई नाही." त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली. "महेंद्रला मी सांगतो. तुला शिक्षा केलीय म्हणून."

समृद्धी दप्तर घेऊन खाली आली आणि दारापाशी थबकली.

"आबा, तुम्ही इकडे कसे बसलात?"

"तुझ्या आईने पाणी घातलं ना इंजिनात. आता तिला शिकवल्याशिवाय सुटका नाही."

समृद्धी हसत मागे जाऊन बसली. मेघनाने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. शेजारी आबा अंग चोरून बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. गल्लीतून बाहेर पडताना गाडी दोनदा बंद पडली. मागून हॉर्न वाजले. आबा हळू आवाजात सांगत राहिले, आता दुसरा गिअर, आता क्लच सोड, सावकाश, रिक्षावाल्याला जाऊ दे. पुलाच्या चढावर त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी दाबला जात होता. काटा मध्यावर होता. आवाज कसलाच नव्हता.

पूल उतरला आणि चौक आला. सिग्नल लाल होता. मेघनाने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि श्वास सोडला. एक रस्ता सरळ मानपाड्याला, कंपनीकडे जात होता. दुसरा शाळेकडे. चौतीस वर्षं आबांनी हा चौक दिवसातून चार वेळा ओलांडला होता.

सिग्नल सुटायला दहा सेकंद उरले होते. आबा काचेतून समोर बघत होते.

"इथून उजवीकडे ना गं?" त्यांनी विचारलं.

आबांना रस्ता विचारताना मेघनाने कधी ऐकलं नव्हतं.

"हो आबा," ती म्हणाली. "उजवीकडे." आणि तिने इंडिकेटर लावला.